सातची बेरीज

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या लातूर इथल्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मेळाव्याच्या संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी मला विषयही सुचवला होता : संगणक क्षेत्रातल्या संधी. मी म्हटलं, अरे, तीस वर्षांनी भेटतोय आपण. संधी आता आपल्या पोरांनी बघायच्या. मला दुसऱ्या एका गोष्टीवर बोलू दे. 'कशावर?' म्हणाला. मी म्हटलं, 'आमच्या ट्रकवर.' पलीकडं जरा वेळ काही आवाजच नाही. मग म्हणाला, 'वीस मिनिटं आहेत तुला. बघ कसं बसवायचं ते.'

तुमच्यातले जे औसा रोडच्या बाजूनं सायकलवर शाळेत यायचे, त्यांना आमचा ट्रक आठवत असेल. घरासमोरच्या रिकाम्या प्लॉटवर उभा असायचा. हिरव्या रंगाचा, पुढं नाक काढल्यासारखं बोनेट, आणि त्यावर इंग्रजी अक्षरांत नाव : फार्गो. आठवीत असताना तुम्ही मला हाक मारायचात, 'ए फार्गो'. मी चिडायचे. घरी जाऊन रडायचे सुद्धा. सगळ्यांच्या गाड्या टाटा नाहीतर लेलँड, आणि आमचीच ही म्हातारी. आज त्याचा हिशेब चुकता करते. वीस मिनिटं फार्गो ऐकावीच लागेल.

ही गाडी आली कुठून, ते मला स्वतःलाही खूप उशिरा कळलं. मूळचा आराखडा अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीचा. क्रायस्लर एकच ट्रक वेगवेगळ्या नावांनी विकायची : डॉज, फार्गो, डिसोटो. नावाची पाटी बदलायची, गाडी तीच. त्यामुळं तिच्या वेगवेगळ्या मोटारी विकणाऱ्या प्रत्येक दुकानदाराला विकायला एक ट्रक मिळायचा. आपल्याकडं हे ट्रक बनायचे मुंबईत कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. पुढं जिच्या पद्मिनी टॅक्सीत आपण सगळे कधी ना कधी बसलो, तीच प्रीमियर. ती १९४४ साली उभी केली वालचंद हिराचंदांनी, म्हणजे आपल्या शेजारच्या सोलापुरात जन्मलेल्या माणसानं. अमेरिकन ट्रक त्याआधीही या देशात होते. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडायची. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकन फौजेच्या गाड्या लिलावात निघाल्या. जुन्या लोकांच्या तोंडी 'डिस्पोजलची गाडी' हा शब्द असायचा, तो तिथला. पुढं सरकारनं ठरवलं, की नुसती जोडणी करून चालणार नाही, सुटे भाग इथंच बनवायला लागा. तेव्हा, १९५४ च्या सुमाराला, फोर्ड आणि जनरल मोटर्स गाशा गुंडाळून गेल्या. त्याच १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डेमलर-बेंझबरोबर जमशेदपूरला ट्रक काढायला सुरुवात केली. म्हणून आपल्याकडची म्हातारी माणसं अजून टाटाच्या जुन्या ट्रकला 'मर्सिडीज' म्हणतात.

आमची फार्गो १९६८ ची. बाबांनी ती १९८१ साली घेतली, तिसऱ्या मालकाकडून. इंजिन पर्किन्सचं डिझेल, म्हणजे मूळचं इंग्लंडचं, आणि बनलेलं मद्रासला. सहा सिलिंडर, ३५४ घनइंच, म्हणून त्याचं नावच ६.३५४. लाकडी हौदा बांधलेला नांदेडला. आराखडा अमेरिकेचा, इंजिन विलायतेचं, हौदा नांदेडचा आणि कर्ज लातूरच्या सावकाराचं, अशी आमची गाडी.

तेव्हा लातूरला ट्रकला कामाची कमी नव्हती. आपल्याकडची रेल्वे छोटी, बार्शी लाइनची. कुर्डूवाडीला नेऊन माल मोठ्या गाडीत बदलायचा. पोतं दोनदा चढवा, दोनदा उतरवा, तेवढ्यात चार फाटायची. त्यापेक्षा आडतीवरून तूर-हरभरा भरायचा, ताडपत्री ओढायची, रस्सा आवळायचा आणि चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेड, नाहीतर उलटीकडं सोलापूर. आमच्या घरात तेल-मीठ, माझी वह्या-पुस्तकं, भावाची मुंज, सगळं त्या हौद्यातून आलं.

आता दुसऱ्या माणसाकडं येते, कारण खरं बोलायचं आहे ते त्याच्याबद्दल.

आपल्या वर्गात आठवीपर्यंत एक मुलगा होता. खिडकीकडच्या रांगेत शेवटच्या बाकावर. त्याचं नाव मी घेणार नाही. परवा त्याला फोन केला तेव्हा त्यानं सांगितलं, 'मी तिथं नसताना माझं नाव घेऊ नकोस.' तो आज आलेला नाही. डिसेंबर आहे, कारखाने सुरू आहेत, उसाच्या गाड्या दाराशी उभ्या आहेत, आणि एक गिअर बॉक्स उघडून ठेवलाय म्हणाला.

आठवीत तो गणितात नापास झाला. त्याच उन्हाळ्यात त्याचे वडील अंथरुणाला खिळले. जून १९९३ मध्ये आपण नववीच्या वर्गात बसलो, आणि तो आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या गॅरेजमध्ये पाने धुवायला लागला. चौदा वर्षांचा होता. आज आपण त्याला बालमजुरी म्हणू, आणि ती होतीच. त्याच्या बाकावर दुसरं कुणी बसायला लागलं. तो कुठं गेला हे आपल्यापैकी कुणी विचारलं का? मला तर माहीत होतं, रोज दिसायचा. तरी मी वर्गात कधी सांगितलं नाही.

३० सप्टेंबर १९९३. तारीख सांगितली की या सभागृहातल्या प्रत्येकाला ती पहाट आठवेल. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. लोक उशिरा झोपलेले. चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. आपण सगळे अंगणात, रस्त्यावर आलो. लातूर शहर वाचलं. उजाडल्यावर बातमी यायला लागली : किल्लारी गेलं, मंगरूळ गेलं, तळणी गेलं, तिकडं सास्तूर गेलं. जवळपास दहा हजार माणसं गेल्याचं पुढं कळलं. त्या सकाळी आकडा कुणालाच माहीत नव्हता. एवढंच माहीत होतं, की माणसं दगड-मातीखाली आहेत आणि तिकडं गाड्या पाहिजेत.

बाबांनी गाडी काढायला घेतली. ती आठवडाभर उभी होती. शेवटच्या खेपेला डिझेल पार संपलं होतं, दारात येऊन बंद पडली होती. बाबांनी कॅनमधून डिझेल ओतलं, सेल्फ मारला. फिरतंय, पण धरत नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. बॅटरी बसली. बाबांचा ड्रायव्हर गावाकडं, गॅरेजचे मिस्त्री आपल्या गावाकडं, कारण त्यांचं घर औशाच्या पुढं. बाबा बोनेट उघडून नुसते बघत उभे. बाबांना गाडी चालवता यायची, हिशेब यायचा, इंजिन यायचं नाही.

तेवढ्यात तो आला. शर्टाची बटणं वरखाली लावलेली. म्हणाला, 'काका, टाकी कोरडी झाली होती का?' बाबा म्हणाले, 'हो.' 'मग एअर धरलीय.'

डिझेल इंजिनचं असं असतं बघा. पेट्रोलच्या गाडीसारखी त्यात ठिणगी नसते. डिझेल फार मोठ्या दाबानं नोझलमधून सिलिंडरमध्ये फवारलं जातं आणि आतल्या दाबलेल्या गरम हवेत पेटतं. टाकी कोरडी पडली की नळीत हवा शिरते. हवा दाबली की दबते, डिझेल दबत नाही. त्यामुळं पंप कितीही ढकलू दे, नळीतली हवाच आवळली जाते आणि नोझल उघडत नाही. नवी टाकी भरून ओतली तरी उपयोग नाही. आधी हवा काढावी लागते, आणि ती क्रमानं काढावी लागते.

तो बोनेटवर चढला. हातानं हलवायची दांडी असते फीड पंपाला, ती वरखाली करत राहिला. आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल केला. फेस आला. फेस जाऊन सरळ धार लागेपर्यंत थांबला, मग आवळला. मग मोठ्या पंपावरचा स्क्रू, तसंच. शेवटी नोझलकडं जाणाऱ्या सहा नळ्यांचे नट एकेक आटा सैल केले आणि म्हणाला, 'आता ढकला.' भूकंपामुळं सगळी गल्ली बाहेरच होती. तीस-चाळीस माणसांनी ती गाडी ढकलली. बाबा स्टिअरिंगवर, तो फूटबोर्डवर. दहा पावलं गेल्यावर 'थांबा' म्हणाला. सहाही नळ्यांच्या तोंडाशी डिझेल आलेलं. नट आवळले. पुन्हा ढकलली. बाबांनी क्लच सोडला, आणि गाडीनं एक गचका देऊन काळा धूर सोडला.

आडतीवरच्या लोकांनी पाण्याची पिंपं, भाकरी, जुनी लुगडी-धोतरं भरली. फावडी, पहारी भरल्या. लामजन्याच्या रस्त्यानं गाडी किल्लारीकडं गेली. येताना हौद्यात गाद्यांवर जखमी माणसं होती. पुढचे कित्येक दिवस, पावसात, बाबा हेच करत होते. पहिल्या खेपेला तो मुलगा क्लीनर म्हणून बरोबर गेला, कारण गाडी बंद पडली तर पुन्हा चालू कोण करणार? त्या खेपेत त्यानं काय बघितलं, ते त्यानं मला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

दिवाळीनंतर शाळेत आपण भूकंपग्रस्तांवर निबंध लिहिला. मला दहापैकी नऊ मार्क मिळाले. तो निबंध मी आमच्या ट्रकवर लिहिला होता. त्यात बाबा होते, मी होते, गल्ली होती. तो नव्हता. बाई, तुम्ही 'छान' असा शेरा दिला होता. आज मी ते नऊ मार्क परत करायला उभी आहे.

पुढं १९९७ मध्ये मला नांदेडला श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेला प्रवेश मिळाला. मामांकडं राहायचे. फार्गोही तोवर मामांकडं गेली होती. बाबांची कंबर धरली होती आणि मामांना वीटभट्टीला गाडी पाहिजे होती. आणि गाडीच्या पाठोपाठ तोही नांदेडला आलेला. देगलूर नाक्याच्या बाजूला एका सरदारजी वस्तादांच्या हाताखाली काम करत होता.

एक कबुली देते. पहिल्या वर्षाला असताना आम्ही मैत्रिणी एकदा तिथून चालत निघालो होतो. तो गाडीखालून बाहेर आला, सगळा ग्रीसनं माखलेला, आणि मला बघून हसला. मी मान फिरवली. मैत्रिणीनं विचारलं, ओळखीचा आहे का? मी नाही म्हटलं. त्याला ते ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

पण शिकायला मी त्याच्याकडंच गेले. कॉलेजात पहिल्या वर्षी सगळ्या शाखांना वर्कशॉप असतं. माझा हात कच्चा. मामा म्हणाले, जा गॅरेजवर, शीक. तिथं मला पहिला धडा मिळाला तो पान्याचा. टाटाचे नट-बोल्ट जर्मन वळणाचे, मिलिमीटरमधले. फार्गोचे इंचातले, म्हणजे आपल्या मिस्त्रींच्या भाषेत सुतातले. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. साडेचार सुताच्या नटाला चौदा नंबरचा पाना लागत नाही. पंधराचा लागतो असं वाटतं, पण जोर दिला की नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो. मग छिन्नी-हातोडा. तो म्हणाला, 'पाना आत जातोय म्हणजे तो त्याचाच आहे असं नसतं.' दुसरा धडा चाकांचा. आमच्या गाडीच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे होते. नेहमीसारखं सोडवायला गेलं की ते आणखी आवळले जायचे. नवशिक्या माणूस पाइप लावून जोर करायचा आणि बोल्टच तोडायचा.

मी तिसऱ्या वर्षाला होते तेव्हा, सप्टेंबर १९९९ मध्ये, अमेरिकेचं मंगळाकडं पाठवलेलं एक यान हरवलं. मार्स क्लायमेट ऑर्बिटर. कारण काय, तर एका प्रणालीनं आकडे पौंडात दिले आणि दुसरीनं ते न्यूटन समजून घेतले. आमच्या सरांनी वर्गात ते मोठं करून सांगितलं. मी मनात म्हटलं, सुताचा नट आणि एमएमचा पाना!

त्या गॅरेजवर आणखीही शिकायला मिळालं. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. तेच रेडिएटरमध्ये घातलं की आत चुना धरतो आणि इंजिन तापतं. म्हणून तो पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवायचा, फक्त जुन्या गाड्यांसाठी. काळ्या रानातली धूळ इंजिनात गेली की पिस्टनच्या रिंगा खाते, म्हणून फार्गोच्या एअर क्लीनरमधलं तेल सुगीच्या दिवसात दर खेपेला बघायचं. पाट्यांना ग्रीस, किंगपिनला ग्रीस. कुठलाही भाग उघडण्याआधी दोन्हीकडं पंचनं खूण करायची, म्हणजे बसवताना तसाच बसतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि गाडी चालवून बघायची. दोन बदलल्या तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही. आणि काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. 'त्याचा आहे तो. आपण काय बदललं ते त्याला दिसलं पाहिजे.'

आता बेरजेची गोष्ट, माझ्या भाषणाच्या नावातली. इंजिनाचे वॉल्व्ह आणि त्यांना उघडणारी रॉकर यांच्यात बारीक फट ठेवावी लागते, इंचाच्या हजाराव्या भागात मोजायची. मिस्त्री त्याला थाऊ म्हणतात. फट जास्त झाली की टकटक आवाज, कमी झाली की वॉल्व्ह जळतो. ही फट मोजायची तर तो वॉल्व्ह पूर्ण बंद असायला हवा. सहा सिलिंडर, बारा वॉल्व्ह. कुठला कधी पूर्ण बंद आहे हे बाहेरून कसं ओळखायचं? मी पुस्तक काढलं, कोष्टक काढलं, क्रँकचे कोन मांडले. तो म्हणाला, 'एवढं कशाला? सातची बेरीज कर.'

सहा सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन जोडीनं वरखाली होतात. एक आणि सहा, दोन आणि पाच, तीन आणि चार. कुठलीही जोडी घ्या, बेरीज सात. सहाचे दोन वॉल्व्ह झोका घेताना दिसले, म्हणजे एक मिटतोय आणि दुसरा उघडायला लागलाय, की एकचे दोन्ही पक्के बंद असतात. तेव्हा एकची फट बघायची. पाचचे झोका घेतात तेव्हा दोनची. चारचे घेतात तेव्हा तीनची. कोष्टक नको, कागद नको. हे त्याला सरदारजी वस्तादांनी सांगितलं होतं, पण असं का होतं, ते त्यानं स्वतः इंजिन हातानं फिरवून फिरवून शोधलं होतं. आणि त्यानं मला ते असं समजावलं, की पुढं परीक्षेत इंजिनावरचा प्रश्न आला नाही याचं मला वाईट वाटलं.

सर, आपण समोर बसला आहात. गणितात नापास झालेल्या त्या मुलाला गणित येत होतं. यात तुमची चूक आहे असं मी म्हणत नाही. साठ-सत्तर पोरांच्या वर्गात एकेकाचा वॉल्व्ह कधी उघडतो आणि कधी मिटतो, हे कोण बघणार? पण येत होतं, एवढं आज तुमच्या कानावर घालावंसं वाटलं.

२०१४ मध्ये कंपनीच्या कामासाठी मी सहा महिने अमेरिकेत ओहायोला होते. एका रविवारी गावाबाहेरच्या मैदानात जुन्या ट्रकांचा मेळा लागला होता. तिकडं हा मोठा छंद आहे. जुन्या ट्रकांचा इतिहास जपणारी त्यांची एक संस्थाच आहे, अमेरिकन ट्रक हिस्टॉरिकल सोसायटी, १९७१ पासूनची. मैदानात बोनेटवर बुलडॉग बसवलेले मॅक होते, १९५०-६० च्या दशकातले. केनवर्थ होते, पीटरबिल्ट होते. मालक बहुतेक म्हातारे, निवृत्त ड्रायव्हर, शेतकरी. प्रत्येकाजवळ गाडीची वही : कधी तेल बदललं, कुठला भाग कुठून मिळवला. लोक रांगेनं उभे राहून ती इंजिनं बघत होते, त्या माणसांना मान देत होते. एका जुन्या डॉजचं बोनेट उघडं होतं. मी त्या आजोबांना विचारलं, तुम्ही वॉल्व्ह कसे लावता? ते सांगायला लागले, तर मी म्हटलं, बेरीज सात ना? त्यांनी माझ्याकडं बघितलं, हातातलं फडकं खाली ठेवलं आणि मला खुर्ची दिली. कुठं शिकलीस म्हणाले. मी म्हटलं, नांदेडला. माझ्या वर्गमित्राकडं.

ज्याला मी नांदेडात ओळख दिली नव्हती, त्याला मी पहिल्यांदा वर्गमित्र म्हटलं ते ओहायोत.

माझं रोजचं काम काय, असं तुम्ही विचारता. लोकांना वाटतं आम्ही रोज नवीन काहीतरी बनवतो. मी गेली पंधरा वर्षं मुख्यतः जुनं चालवते. माणसांच्या विम्याचे हिशेब ठेवणारा एक प्रोग्रॅम आहे, १९९० च्या सुमाराला लिहिलेला. लिहिणारे निवृत्त झाले, काही वारले. पण महिन्याच्या शेवटी लाखो लोकांचे हप्ते त्यातूनच जातात. नवीन मुलं येतात आणि म्हणतात, मॅडम, हे फेकून नवं लिहू. मी त्यांना म्हणते, आधी ऐका तो काय म्हणतो ते. उघडण्याआधी खूण करा. एका वेळी एकच बदला. बदललेलं त्यांच्या हातात द्या. आणि नट फिरत नसेल तर जोर करू नका, आटा उलटा असेल. ती मुलं माझ्याकडं बघत राहतात. हे कुठल्या पुस्तकात आहे, विचारतात.

फार्गो २००४ च्या सुमाराला मामांनी उभी केली. तो तोवर स्वतःच्या गॅरेजचा मालक झाला होता. त्यानं ती मागच्या अंगणात ठेवून घेतली, भाडं न घेता. दर दोन-तीन महिन्यांनी तो इंजिन हातानं दोन फेरे फिरवायचा, आत जाम होऊ नये म्हणून. अठरा वर्षं. मला हे माहीतही नव्हतं.

२०२२ मध्ये बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले. मी त्याला फोन करून विचारलं, गाडी एकदा चालू होईल का रे? म्हणाला, 'पंधरा दिवस दे.' नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं, रात्रभर मुरू दिलं. टाकी काढून धुतली. रबरी नळ्या सगळ्या नव्या. सहाही नोझल तपासून आणले. मग तीच हवा काढायची, फिल्टर, पंप, नळ्या, त्याच क्रमानं. बाबांना आम्ही खुर्चीवर बसवून अंगणात नेलं. इंजिन चालू झालं. बाबा डोळे मिटून ऐकत होते. जरा वेळानं म्हणाले, 'तीन नंबरचं नोझल ठिबकतंय.' ज्यांना इंजिन येत नाही असं आम्ही आयुष्यभर म्हणायचो, ते बाबा! त्यानं तीनची नळी सैल करून बघितली. आवाज बदलला. बरोबर होतं. बाबा पुढच्या वर्षी गेले.

आता त्या गाडीचं काय करायचं, हा आमच्या घरात वाद आहे. भाऊ म्हणतो, किलोवर देऊन टाकू, आणि त्याचं म्हणणं चूक नाही. जुनी गाडी धूर करते, ब्रेक आजच्यासारखे नाहीत, रस्त्यावर ती यावी असं मलाही वाटत नाही. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदायची सोय सरकारनं २०२१ मध्ये केली, पण ती हौसेच्या, खाजगी दुचाकी-चारचाकी वाहनांसाठी. पोती वाहणाऱ्या ट्रकचा विचार त्यात नाही. तेव्हा आम्ही दोघांनी एक ठरवलंय. सांगाडा भंगारात जाऊ दे. इंजिन राहील. शाळेची परवानगी असेल तर ते लोखंडी घोडीवर बसवून मागच्या शेडमध्ये ठेवू. महिन्यातून एका शनिवारी तो नांदेडहून येईल आणि आठवी-नववीच्या मुला-मुलींना ते उघडून दाखवेल. त्याची एकच अट आहे : 'पोरांना हात काळे करू द्यायचे असतील तर येतो. नुसतं बघायला असंल तर नको.' मुख्याध्यापकांनी विचार करावा, ही विनंती.

आणि दुसरी विनंती संयोजकांना. या मेळाव्याची यादी आपण दहावीच्या निकालपत्रावरून केली. सोपं होतं, ते समजू शकते. पण त्यात आठवीत गेलेला तो नाही. नववीत लग्न होऊन गेलेल्या आपल्या दोन मैत्रिणी नाहीत. ऊसतोडीला आई-बापांबरोबर गेला आणि परत आलाच नाही, तो नाही. आपण पाचवीत एका वर्गात बसलो होतो ते सगळे आपली तुकडी आहेत. स्मरणिकेत नावं छापाल तेव्हा दहावीचं निकालपत्र बाजूला ठेवा आणि पाचवीचा हजेरीपट काढा. कार्यालयात असेल. नसेल तर आपण बसून आठवू. आठवतील.

त्याला मी फोनवर शेवटी विचारलं, भाषणात नाव घेत नाही, पण यादीत टाकू का? जरा वेळ पाना वाजल्याचा आवाज आला. मग म्हणाला, 'यादीत टाक. पटावरचा नंबर तेवीस होता माझा.'